मालगाडी उभी, गाव अडकलेलं – तुमचे अनुभव लिहा

कोळसापट्टा

परवा रात्री गावाहून भावाचा फोन आला होता. सोयाबीनच्या भावाबद्दल बोलत होता आणि मागून एकदम तो आवाज आला. आधी फुस्स, मग खडाड-खडाड-खडाड करत लांब जाणारा. ज्यांचं घर रुळाजवळ आहे त्यांना सांगायला नको. भाऊ म्हणाला, "हालली वाटते. थांब, आधी पल्याड जातो, मंग लावतो फोन." दुपारपासून उभी होती म्हणे.

फोन ठेवल्यावर झोप लागेना. आबाजींची मयत आठवली. कधी कुठे लिहिलं नाही, आज लिहितो.

आमचं गाव वरोरा-माजरी पट्ट्यातलं, चहूकडे कोळशाच्या खाणी. बाहेर पडायला दोन वाटा. एक फाटकातून, डांबरी. दुसरी नाल्यावरच्या रपट्यावरून, ती पावसाळ्यात नसल्यासारखीच. शाळा, दवाखाना, बँक, बाजार, मसणवट, सगळं रुळाच्या पल्याड. अल्याड फक्त आम्ही आणि आमची वावरं.

आबाजी श्रावणात गेले. रपटा दोन दिवस पाण्याखाली होता. तिरडी घेऊन फाटकापाशी आलो तर कोळशाची भरलेली गाडी आडवी. इंजिन दिसत नव्हतं, शेवटचा डबाही दिसत नव्हता. उचललेली तिरडी परत घरी न्यायची नसते. विसाव्याची जागा पल्याड, वडाखाली, आणि विसाव्याआधी खाली ठेवायची नाही. मग लोक खांदे बदलत उभे राहिले. वरून पाऊस. बाबांच्या हातात विस्तवाचं मडकं, काकांनी त्यावर छत्री धरलेली. फाटकाशेजारच्या गुमटीतल्या गेटमनने त्याच्या चुलीतले गोवरीचे तुकडे आणून दिले, ते मडक्यात घालत राहिलो. तो आत जाऊन स्टेशनला फोन करायचा, बाहेर यायचा, मान हलवायचा, पुन्हा आत.

शेवटी गावातले म्हातारे बोलले, "हाच विसावा समजा." फाटकाच्या दांड्यापाशी, रस्त्यावरच आबाजींना खाली ठेवलं. खांदेकरी फिरले. जीवखडा म्हणून जो दगड उचलला तो रुळाच्या खडीतला होता. गाडी हलली तेव्हा अंधारून आलं होतं.

माझा राग गाडीवर नाही. त्या कोळशाची वीज माझ्याही घरात जळते. गाडी चालवणाऱ्यावर नाही, गेटमनवर तर मुळीच नाही. राग एवढाच की ती किती वेळ उभी राहणार हे गावाला कोणीच सांगत नाही. अर्धा तास म्हटलं तर माणूस थांबेल. रात्रभर म्हटलं तर दुसरी काही सोय बघेल. काहीच कळत नाही म्हणून पोरं दप्तर छातीशी धरून डब्याखालून जातात, आणि बायाही जातात.

तुमच्याकडे असं होतं का? लहानमोठं काहीही लिहा.

पाटाचं पाणी

निफाडकडचा आहे. तुमचं वाचून गप्प झालो थोडा वेळ.

आमच्याकडे दुधाचं व्हायचं. सकाळी संघाचा टेम्पो पलीकडे थांबायचा आणि नेमकी गाडी उभी. मग दोन डब्यांच्या मधून, त्या कपलिंगवरून कॅन द्यायचे. एक माणूस या बाजूला, एक त्या बाजूला. माझे चुलते या बाजूला असायचे. आजी घरून बजावायची, कॅन गेला तर जाऊ दे, हात आत घालू नको. ते घालायचेच. दूध नासलं तर पैसे कोण देणार.

कांद्याचे ट्रॅक्टर तर विचारूच नका, लिलावाची वेळ निघून जायची

मीनल_ठाणे

दिवा!!! दिव्याचं फाटक कोणी लिहिलं नाही अजून? मी सुरुवात करते. फाटक उघडं म्हणून लोकल खोळंबली, लोकल आली म्हणून फाटक बंद, आणि मध्ये रिक्षावाले. कॉलेजची पाच वर्षं गेली त्यात.

कोळसापट्टा

मीनल, दिव्याचं ऐकून आहे. पण तिथे निदान गाडी जाते तरी. इथे मी गाडी येऊन उभीच राहते त्याबद्दल विचारतोय. तरी लिहा, फाटक ते फाटक.

मीनल_ठाणे

हो हो कळलं, घाईत वाचलं. कुकर लावलाय. वसई लाइनवर मालगाड्या थांबतात तेही आहे, नंतर लिहिते.

लूपलाइन

निवृत्त रेल्वे कर्मचारी. सगळी नोकरी गाड्या घेण्यात आणि सोडण्यात गेली. कोळसापट्टा, तुमच्या आबाजींना नमस्कार. त्या गेटमनने फोन केला तेव्हा पलीकडे माझ्यासारखाच कोणीतरी बसलेला असणार, म्हणून लिहिणं भाग आहे.

गाडी का उभी राहते? कोळशाच्या उघड्या डब्यांची रेक, म्हणजे एकत्र जोडलेली अख्खी गाडी, ५८-५९ डब्यांची. एक डबा पावणेअकरा मीटरच्या आसपास. इंजिन आणि मागचा ब्रेकव्हॅन धरून साडेसहाशे मीटरच्या पुढे जाते. स्टेशनातली लूप, म्हणजे बाजूला घ्यायची लाइन, साधारण ६८६ मीटरच्या हिशेबाने बांधलेली. म्हणजे गाडी जेमतेम मावते. जोडून दुप्पट केलेली असेल तर मावतच नाही. लूप भरलेल्या असल्या की मागची गाडी सिग्नलबाहेर थांबते, आणि सिग्नलबाहेर म्हणजे बहुतेक वेळा कोणाच्या तरी गावात.

पुढे वीज केंद्राचं यार्ड तुंबलं की मागच्या रेक एकामागे एक अडकतात. मेल-एक्स्प्रेसला वाट द्यायची म्हणून मालगाडी बाजूला. लोको पायलट आणि गार्डचे ड्यूटीचे तास भरले तर दुसरा क्रू येईपर्यंत ती तिथेच. गार्डला २०२२ पासून ट्रेन मॅनेजर म्हणतात. ब्रेक जाम झाले, पाइप सुटला, तर शोधायला माणूस पायी चालत जातो. रात्री, पावसात, खडीवरून.

लोक विचारतात मधून गाडी तोडून रस्ता का देत नाही. देता येते. पण दोन्ही भागांना हातब्रेक लावायचे, पाइप बंद करायचे, पुढचा भाग ओढायचा, मग पुन्हा जोडून सगळ्या डब्यांत हवेचा दाब भरून शेवटपर्यंत पोचला का ते बघायचं. हे सगळं करेपर्यंत सिग्नल मिळाला तर? म्हणून कंट्रोल, म्हणजे गाड्या कुठे थांबवायच्या-सोडायच्या ते ठरवणारं ऑफिस, सहसा परवानगी देत नाही. एवढं सगळं खरं असलं तरी "किती वेळ लागेल" याचा अंदाज कंट्रोलला बऱ्याचदा असतो. तो गेटपर्यंत पोचवणं अवघड नाही. याबाबतीत तुमचं म्हणणं मला शंभर टक्के मान्य आहे.

आणि हात जोडून सांगतो, डब्याखालून जाऊ नका. प्रत्येक कपलिंगमध्ये थोडी ढील असते. इंजिन ओढतं तेव्हा ती ढील एकेक करत मागे येते. चाळिसाव्या डब्याजवळ इंजिनाची शिटी ऐकूही येत नाही, डबा एकदम झटका घेतो. तो खडाड-खडाड आवाज ह्याचाच. तो ऐकू येईपर्यंत उशीर झालेला असतो. मी बघितलंय, जास्त लिहीत नाही.

पाटाचं पाणी

लूपलाइन काका, चुलत्यांना आजच वाचून दाखवतो. आता ते दूध घालत नाहीत, पण त्यांचा मुलगा घालतो.

गुमटीतली

मी गेटमनची मुलगी. गुमटी हा शब्द वाचला आणि थांबले.

गाडी रस्त्यावर आडवी उभी आहे, समोर दिसतेय, आणि लोक माझ्या बाबांना ओरडायचे "ए फाटक उघड!" उघडून जाणार कुठे? वॅगनमधून? पण राग कोणावर तरी काढायचा असतो आणि वर्दीतला माणूस तेवढाच जवळ असतो. एकदा एकाने दगड मारला. आई मला घेऊन आत बसली होती.

लोकांना वाटतं फाटक गेटमनच्या मर्जीवर आहे. फाटक बंद होऊन कुलूप लागल्याशिवाय सिग्नल पडत नाही, आणि एकदा सिग्नल दिला की फाटक उघडत नाही, अशी जोडणी असते. स्टेशनमास्तरशी नंबरची देवाणघेवाण होते, तो वहीत लिहायचा. बाबांची वही मी बघायचे, अक्षर मोत्यासारखं. बंद फाटक जबरदस्तीने उघडलं तर रेल्वे कायद्याच्या कलम १६० खाली ३ वर्षांपर्यंत कैद, तोडलं तर ५ वर्षांपर्यंत. हे बाबा कधीच कोणाला दरडावून सांगायचे नाहीत. म्हणायचे, अडलेल्या माणसाला कलम सांगून काय करू.

उन्हाळ्यात ते दोन माठ भरून ठेवायचे, बाहेर. पाणी लांबून आणायला लागायचं. गोवरीचे तुकडे देणारा तुमचा गेटमन कोण असेल माहीत नाही, पण मला तो चेहरा दिसतोय.

कोळसापट्टा

ताई, काय लिहू. आमच्याकडच्या त्या काकांना गावाने पुढे तेराव्याला पहिल्या पंगतीत बसवलं होतं. ड्यूटी बदलून आले होते.

खमंग

आमच्या फाटकावर (खानदेश) एक मावशी भजी तळायच्या. गाडी थांबली की घाणा चढायचा. मिरचीची आणि पोकळ्याच्या पानांची. एकदा तर गाडी निघून गेली तरी लोक भजी संपेपर्यंत हलले नाहीत, गेटमन हाका मारतोय "जा आता, उघडलंय" :)

सई१२

पोकळ्याच्या पानांची भजी? कशी करतात? तेलात पान सुटत नाही का?

खमंग

पीठ घट्ट, थोडं तांदळाचं घाल. पान पुसून कोरडं कर. ओवा हवाच.

नीळकंठ

विषय चांगला आहे. माझा मुलगा सात वर्षांचा, त्याला मालगाड्यांचं वेड. डबे मोजतो. सुपर वासुकी या लांबलचक मालगाडीचा व्हिडिओ रोज बघतो: १५ ऑगस्ट २०२२ ला छत्तीसगडमध्ये कोरब्याहून राजनांदगावपर्यंत गेली, ६ इंजिनं, २९५ डबे, साडेतीन किलोमीटर लांब. त्याआधी २०२० मध्ये शेषनाग, २५१ डबे. आणि आता २०२५ च्या ऑगस्टमध्ये रुद्रास्त्र, ३५४ डबे, साडेचार किलोमीटर! तो कागदाला कागद चिकटवून चित्र काढतोय, हॉलभर झालंय.

कोळसापट्टा

नीळकंठ, मुलाचं कौतुक. मीही लहानपणी मोजायचो, ओट्यावर बसून.

फक्त ती बातमी मी वेगळ्या पोटाने वाचतो. साडेतीन किलोमीटरची गाडी सुसाट निघून गेली तर चार-पाच मिनिटांचा प्रश्न. पण ती थांबली तर एक गाव नाही, ओळीने तीन गावांची फाटकं अडतात. लांबी वाढवताना लूप वाढवा, थांबायच्या जागा गावाबाहेर करा, मग खुशाल जोडा. माझा विरोध नाही, पण हे आधी व्हावं असं मला मनापासून वाटतं.

लूपलाइन

नवीन लाइनवर लांब लूप बांधायला लागलेत. जुन्या स्टेशनांवर जागेचा प्रश्न.

औसेकर

थोडं विषयाला सोडून. आम्ही लातूरकर मालगाडीची वाट बघत बसलेले लोक आहोत. १२ एप्रिल २०१६. मिरजेहून जलदूत आली, १० टँकर-वॅगन, सुमारे ५ लाख लिटर कृष्णेचं पाणी. स्टेशनजवळ लोक पहाटेपासून उभे. कोणी हार घेऊन आलेलं. माझी आई, जिला रेल्वेचा आवाज सहन होत नाही, ती म्हणाली, उभी राहू दे बापडी, कितीही वेळ राहू दे. नंतर ५० वॅगनची यायला लागली.

त्या उन्हाळ्यात कोणाचा रस्ता तिच्यामुळे अडला असेल तर त्यांना आमच्याकडून हात जोडून धन्यवाद.

मिरजकर_म्हैसाळ

औसेकर, आमच्याच इथून भरून जायची ती. फाटकावर थांबायचो आम्ही. कोणी हॉर्न वाजवायचं नाही, खरं सांगतो. "लातूरची हाय" म्हणायचे आणि गाडी बंद करून बसायचे.

औसेकर

🙏

ह्यूस्टनची_मावशी

ह्यूस्टनमध्ये वीस वर्षं झाली. इथे ईस्ट एंड भागात हे रोजचं आहे. बंदराकडे जाणाऱ्या मालगाड्या शहराच्या मध्यात उभ्या राहतात. मी त्या भागातल्या एका शाळेत जेवणघरात काम करायचे. पोरं उशिरा यायची, गुडघ्यांना काळं लागलेलं. काय झालं विचारलं की बोट दाखवायची गाडीकडे. मला आमच्या परळीची आठवण यायची, अगदी तेच गुडघे.

२०२३ मध्ये इंडियाना राज्यातल्या हॅमंड गावाची बातमी देशभर गाजली होती, मुलं शाळेत जायला उभ्या गाडीखालून रांगत जातायत असे फोटो आले. तेव्हा सगळे हळहळले. इथे गंमत अशी की राज्याने कायदा केला की अमुक मिनिटांपेक्षा जास्त रस्ता अडवायचा नाही, तर न्यायालयं तो उडवतात, कारण रेल्वे हा केंद्राचा विषय. आणि केंद्राचा असा वेळेचा नियमच नाही. तक्रार नोंदवायला केंद्राने एक पान उघडून ठेवलंय. २०२१ च्या कायद्यात क्रॉसिंग काढून पूल बांधायला ५ वर्षांसाठी ३ अब्ज डॉलर ठेवलेत, त्यातून काही ठिकाणी कामं मंजूर झाली आहेत. पण पूल होईपर्यंत ते पोर रांगणारच ना.

श्रीमंत वस्तीत गाडी थांबलेली मी बघितली नाही. मुद्दाम करतात असं म्हणत नाही. यार्डाशेजारी घर स्वस्त मिळतं, म्हणून तिथे गरीब राहतो, म्हणून गाडी त्याच्याच दारात.

ब्रॅम्प्टन_बाबा

मावशी, कॅनडात नियम आहे. लोक ओलांडायला थांबलेले असतील तर ५ मिनिटांपेक्षा जास्त वेळ गाडी क्रॉसिंगवर उभी ठेवायची नाही. चालती गाडी कितीही लांब असो, ती वेगळी गोष्ट. आम्ही हिवाळ्यात उणे वीसमध्ये थांबतो तेव्हा ५ मिनिटंही पुष्कळ वाटतात. पण नियम आहे एवढ्यानेही माणसाला धीर येतो, तक्रार करताना काहीतरी बोट ठेवायला असतं.

मीनल_ठाणे

ब्रॅम्प्टन, तिकडे फाटकावर भजी मिळतात का

ब्रॅम्प्टन_बाबा

तीच तर कमी आहे बघ.

केळशीण

गोंयची. वास्को लाइनीवर माझं सासर, एका बाजूला रूळ, दुसऱ्या बाजूला दर्या. मधल्या पट्टीत घरं आणि माड. कोळशाची गाडी उभी राहिली की मासळीवाली बाई पलीकडे पाटी घेऊन बसून राहते. आमची सासू या बाजूने भाव करते, ती त्या बाजूने. गाडी दोघींच्या मधे! व्यवहार ठरतो, मासळी मात्र गाडी गेल्यावर.

हसण्यावारी नेलं तरी काळजीची गोष्ट आहे. मुरगावच्या बंदरात उतरलेला कोळसा कर्नाटकातल्या पोलाद कारखान्यांकडे जातो, तो आमच्या दारावरून. दुपदरीकरण आलं तेव्हा लोक म्हणाले, एक लाइन असताना ही गत, दोन झाल्या तर घरातून बाहेर कसं पडायचं. २०२० च्या नोव्हेंबरात चांदरच्या फाटकावर रात्रभर माणसं रुळावर बसली होती, मेणबत्त्या, गिटार, म्हातारी माणसंही. माझी नणंद होती त्यात. मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कॅसलरॉक ते कुळे या जंगलातल्या भागाच्या दुपदरीकरणाची वन्यजीव मंडळाची मंजुरी रद्द केली. खालच्या गावांचा प्रश्न तसाच आहे.

नणंद म्हणते, त्या रात्री पहिल्यांदा असं झालं की गाडीने आमची वाट बघितली.

कोळसापट्टा

हे वाक्य घेऊन ठेवतो.

सई१२

अंगावर काटा आला.

(पोकळ्याची भजी केली. सुटली नाहीत पानं. धन्यवाद खमंग)

बाभूळवन

आमच्या इथे फाटक काढून खालून मोरी केली. सगळे म्हणाले सुटलो. पहिल्याच पावसाळ्यात छातीएवढं पाणी. पंप बसवलाय, वीज नसते. उसाची भरलेली ट्रॉली आत जात नाही, उंचीचा दांडा आडवा लावलाय, त्याला ऊस घासतो. मग सात-आठ किलोमीटरचा वळसा. मालगाडी निदान कधीतरी हलायची, हे पाणी दसऱ्यापर्यंत हलत नाही.

माझं म्हणणं, पूल वरून द्या. पैसे जास्त लागतात हे मान्य. पण खालून देताना पाणी कुठे जाणार हे गावातल्या एका तरी म्हाताऱ्याला विचारा. त्याला माहीत असतं पाणी कुठून येतं.

लूपलाइन

बाभूळवन, बरोबर आहे. वरचा पूल मिळायचा एक हिशेब असतो. फाटकावरून दिवसात किती गाड्या गेल्या आणि किती वाहनं गेली यांचा गुणाकार करतात. तो १ लाखाच्या वर गेला की रेल्वे आणि राज्य मिळून निम्मा-निम्मा खर्च करून पूल बांधायचं धोरण आहे. आता यातली अडचण बघा. तुमच्या गावात दिवसाला दोनशे बैलगाड्या, मोटरसायकली जात असतील तर तो आकडा कधीच गाठला जात नाही. त्या गुणाकारात "दुसरा रस्ताच नाही" याला जागा नाही. मी नोकरीत असताना मोजणीला बसलोय. जी वाहनं गाडी उभी आहे म्हणून परत फिरली ती मोजायला कुठे रकाना नव्हता. हे मला तेव्हाही खटकायचं.

बिनपहाऱ्याची फाटकं ब्रॉडगेजवरून जानेवारी २०१९ पर्यंत सगळी काढली, ते फार मोठं काम झालं, जीव वाचले. पण ती काढताना काही गावांच्या दोन वाटांची एक वाट झाली, हेही खरं.

पाटाचं पाणी

"परत फिरलेली वाहनं" हे फार महत्त्वाचं बोललात.

आशाताई_वणी

मी आशा आहे, वणीकडं. टायपिंग हळू आहे माझं, चुका सांभाळून घ्या.

आमच्याकडं दोन टोले रुळाच्या अल्याड आहेत. गाडी उभी राहिली की १०८ पल्याडच थांबते. पहिलं पहिलं लय हाल झाले. एका बाईला रुळापर्यंत आणलं, रात्र, कळा चालू. घरचे म्हणत उचलून डब्यातून काढू. मी आडवी झाले. म्हटलं, बाई वाचली पाहिजे का तुमची घाई. तिथंच कडेला ताडपत्री बांधून बसलो. गाडी गेली, १०८ आत आली, पोरगी झाली, चांगली आहे, बालवाडीत जाते.

तेव्हापासून मी काय करते ते सांगते. कोणाला उपयोग झाला तर बरं.

पावसाळ्यात ज्यांचे दिवस भरतात त्यांना आठवा संपला का पल्याडच्या नातेवाइकाकडं राहायला पाठवायचं. नातेवाईक नसेल तर ओळखीच्या घरी, मी स्वतः जाऊन बोलून ठेवते. पहिले लोक म्हणत "दुसऱ्याच्या घरी कशी ठेवायची बाई", आता स्वतःहून विचारतात. पल्याडच्या तीन गाडीवाल्यांचे नंबर भिंतीवर लिहून ठेवलेत, अंगणवाडीच्या, खडूनं नाही, रंगानं. अल्याड एक आटोवाला धरला आहे. साप चावला, ताप चढला, तर अल्याडचा आटो रुळापर्यंत, गाडी हलली का लगेच पल्याडच्या गाडीत. गेटमनकडं पण माझा नंबर आहे. गाडी उभी राहिली का तो मलाच मिस कॉल देते. हे कोणाच्या नियमात नाही, तो माणूस चांगला आहे म्हणून.

आणि साखर, बीपीच्या गोळ्या म्हाताऱ्यांच्या घरात पंधरा दिवसांच्या जास्तीच्या ठेवायच्या.

गुमटीतली

आशाताई, तुम्ही आडव्या झालात ना, तिथे माझे बाबा असते तर त्यांनी तुम्हाला सलाम ठोकला असता. अक्षरशः.

ह्यूस्टनची_मावशी

ताई, तुमचं हे इथल्या लोकांना इंग्रजीत सांगू का? इथे अग्निशमनवाले हेच करायला बघतायत, दोन्ही बाजूंना गाडी ठेवायची. पैसे नाहीत म्हणतात.

आशाताई_वणी

सांगा की. पण माझं नाव नका टाकू.

वैनगंगा७

सगळं वाचलं, घरी कोणी नाही म्हणून एका दमात. आमच्याकडे २०२२ च्या एप्रिल-मेमध्ये कोळशाची टंचाई झाली तेव्हा पॅसेंजर गाड्या रद्द करून कोळसा पुढे काढला. म्हणजे आमची गाडीही गेली आणि फाटकही. बहिणीचं लग्न होतं. वऱ्हाड पल्याड, मांडव अल्याड. नवरदेव घोड्यावर, समोर मालगाडी. बँडवाल्यांनी आहे तितकं वाजवलं, मग तेही बसले. भटजी घड्याळ बघतात. मुहूर्त टळला, दुसरा गोरज काढला. मामा म्हणाले, पोरगी आपल्याच घरात दोन तास जास्त राहिली, काय वाईट झालं. आई त्यावर रडली आणि हसली पण.

घोडा मात्र घाबरला नाही. सवयीचा असेल.

खमंग

घोडा गावचाच असणार

मीनल_ठाणे

कोळसापट्टा, तुमच्या भावाचा फोन परत आला का? लावतो म्हणाले होते.

कोळसापट्टा

आला, सकाळी. पोचला पल्याड, नीट.

त्याला हा धागा वाचून दाखवला. तो ग्रामपंचायतीत आहे. म्हणाला, पूल मागून मागून बाबांची पिढी गेली, आपण तो मागत राहूच, पण आता एक छोटी गोष्ट मागू: गेटवर फळा, आणि गाडी थांबली की अंदाजे वेळ त्यावर. फळा, खडू, तेवढंच. लूपलाइन काका, अर्ज कसा लिहायचा?

लूपलाइन

फाटकाच्या खांबावर गेट नंबर आणि किलोमीटर लिहिलेला असतो, तो अर्जात पहिल्या ओळीत टाका. नुसतं गावाचं नाव टाकलं तर कागद फिरत बसतो. गाडी कोणत्या तारखेला किती वाजता आली, किती वाजता हलली, याची वही गावाने स्वतः ठेवावी. एक महिन्याची तरी. अडलेली वाहनं आणि परत फिरलेली वाहनं वेगळी लिहा, शाळेची मुलं वेगळी, आजारी माणूस वेगळा. ग्रामसभेचा ठराव जोडा. विभागीय व्यवस्थापकांना एक प्रत, जिल्हाधिकाऱ्यांना एक, खासदारांना एक. पोच घ्या. १३९ वर त्या-त्या वेळी फोन करून तक्रार क्रमांक घ्या, तो वहीत लिहा. पूल मागायचा झाला तरी हीच वही उपयोगी पडेल.

फळ्याचं त्यांनी केलं तर मला इथे कळवा. मी ओळखीच्या एक-दोघांना फोन करतो, आता नोकरीत नाही, पण ऐकतात.

आशाताई_वणी

वहीचं आमच्या शाळेतल्या सातवीच्या पोरांना सांगते. ती बसलेलीच असतात तिथं.

गुमटीतली

मुलांना रुळापासून लांब बसवा ताई. आणि वहीत गेटमनची ड्यूटी कोणाची होती ते लिहू नका, उगाच त्याला त्रास.

आशाताई_वणी

बरोबर बोललीस पोरी. नाही लिहीत. आता लसीकरणाचा दिवस आहे, निघते. बाकीचं रात्री.

बाभूळवन

मोरीच्या पाण्याची पण वही ठेवू का? काठीवर खुणा करून?

लूपलाइन

ठेवा. तारीख घालून फोटोही काढा.